आत्याचं रिकामं कपाट

दुसऱ्यांकडे पाहुण्या म्हणून गेल्यावर मुली काय करतात? सोफ्याच्या कडेला बसतात, 'नको, नको' म्हणत दुसरं बिस्कीट उचलतात आणि मोठ्यांच्या गप्पा संपायची वाट बघतात. ही पोरगी सरळ स्वयंपाकघरात घुसायची आणि कपाटांची दारं उघडून बघायची.

घरात तिला ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. एक तर ती तशीच उंच आणि काटकुळी. शिवाय कुठलीही वाकडी गोष्ट समोर आली, की हिच्या तोंडून ती निघालीच म्हणून समजा. गेल्या वर्षापर्यंत मात्र ती चारचौघांत हूं की चूं करत नसे. मग वक्तृत्वस्पर्धेत मैत्रिणींनी तिला स्टेजवर ढकललं, आणि आई म्हणायची तसं, तेव्हापासून ती खाली उतरायलाच तयार नव्हती.

बाबांचा धंदा स्वयंपाकघरात कपाटं बसवायचा. सुट्टीत त्यांच्याबरोबर हिंडून हिंडून हिची नजर तयार झाली होती. गेल्या महिन्यात गणिताच्या बाईंनी चहाला बोलावलं, तेव्हा हिने त्यांच्या कपाटाचं दार अर्धं उघडून सोडून दिलं. ते आपोआप मिटलं. "बाई, तुमचं कपाट मागे कललंय. दार सोडल्या जागी थांबायला हवं," ती म्हणाली. कपाट बाईंच्या यजमानांनी स्वतःच्या हाताने बसवलं होतं, आणि यजमान शेजारीच बसले होते. त्यानंतर चहात साखर होती की मीठ, कुणालाच कळलं नाही. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. बाबा मात्र तोंडात टॉवेल कोंबून हसत होते.

तर अशी ही ओळंबा शनिवारी शाळा सुटल्यावर आत्याकडे गेली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शिवणकाम करायची, दोन खोल्यांत एकटी राहायची. तीन आठवड्यांपूर्वी बाबांनी तिला नवं स्वयंपाकघर करून दिलं होतं आणि परीक्षेपायी हिला ते बघायलाच मिळालं नव्हतं.

"आत्या, आधी कपाटं. चहा मागाहून."

"अगं बस तरी जरा! दप्तर उतरव. ये, हा ब्लाउज बघ, बाहीचा रंग कसा दिसतो?"

आत्याने कधी कुणाला शिवणावर मत विचारलं नव्हतं. ओळंबाला तिथेच संशय यायला हवा होता, पण ती केव्हाच आत पोचली होती.

कपाटं देखणी होती. फिकट निळी, पितळी मुठींची. तिने दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने बघितलं, आणि मग तिचं तोंड, जे बोलण्यासाठी उघडलं होतं, तसंच उघडं राहिलं.

वरच्या कपाटाच्या दोन दारांमधली फट खाली कागदाएवढी होती आणि वर चांगली बोटभर. तिने डावं दार अर्धं उघडून सोडलं. ते हळूहळू पुढे येत सताड उघडलं, जणू कुणीतरी आतून ढकललं. म्हणजे हे कपाट पुढे कललं होतं. ती ओट्याला टेकून टाचा उंचावून उभी राहिली आणि कपाटाच्या माथ्यावर, भिंतीच्या बाजूला बोट घातलं. बोट गेलं. अख्खं गेलं. बोटाला गिलाव्याची भुकटी लागली.

आणि कपाट रिकामं होतं. एक वाटीसुद्धा नाही.

ती बाहेरच्या खोलीत आली. आता तिला दिसलं. शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर, दोऱ्यांच्या रिळांमध्ये, आत्याची सगळी ताटं रचलेली होती. कप खिडकीत. डबे पलंगाखाली. एका वाटीत बटणं होती की बटणांच्या डब्यात वाटी, ते काही नीट कळत नव्हतं.

"आत्या, तू भांडी का लावली नाहीस?"

"लावायचीत. वेळ कुठे मिळतो? लग्नसराईसारखी कामं आलीत."

"आत्या."

"काय गं सारखं आत्या आत्या? भिंतच तशी आहे ती."

"भिंत चांगली आहे. कपाट भिंतीतून निघतंय."

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग खुर्चीत बसली.

"मी शिंपीण आहे, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "सूतभर फरक मला कळत नाही होय? पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तीन दिवस राबला गं तो इथे. धड जेवलासुद्धा नाही. शेवटचा स्क्रू बसवला आणि म्हणाला, 'ताई, आता तुझ्या स्वयंपाकघरात काही म्हणजे काही हलणार नाही.' लहानपणी पहिल्यांदा पास झाल्यावर जसं तोंड केलं होतं ना, तस्संच. मी काय सांगू त्याला? रोज फोन करतो. 'ताई, कपाटं कशी आहेत?' मी म्हणते, दणकट!" आत्याला हसू आलं आणि मधेच कुठेतरी हरवलं. "रिकामं आहे तोवर पडणार नाही. मी त्याच्याखाली उभीच राहत नाही. बाजूने हात लांब करून पोळ्या... काही अडत नाही माझं."

काही अडत नाही! तीन आठवडे ही बाई स्वतःच्या ओट्यापुढे तिरकी उभी राहून स्वयंपाक करत होती.

ओळंबाच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. बाबांचा जोडीदार चार महिन्यांपूर्वी काम सोडून मुलाकडे राहायला गेला होता. मापं बाबा घ्यायचे, पण लेव्हलची पट्टी धरून तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आहे का ते बघायचा तो जोडीदार. हल्ली बाबा स्कूटर हळू चालवायचे. पेपर वाचायचं सोडून 'त्यात असतं काय' म्हणायचे. तिचा बक्षिसाचा फोटो त्यांनी खिडकीपाशी नेऊन बघितला होता, आणि तिला वाटलं होतं, कौतुकाने.

मग तिला सोमवार आठवला.

"आत्या, सोमवारपासून बाबा बालवाडीचं काम घेतायत. स्वयंपाकघर आणि हात धुवायची जागा. वरची कपाटं बेसिनच्या वर आहेत. खाली पोरं रांगेत उभी राहणार."

आत्याने घड्याळाकडे बघितलं. चार वाजता बाबा तिला न्यायला येणार होते.

"मी सांगते," ओळंबा म्हणाली.

"तू नको. तू सांगतेस म्हणजे भाषण करतेस."

"नाही करणार."

"गणिताच्या बाईंकडे काय केलंस?"

"ते गणिताच्या बाईंचे यजमान होते. हे माझे बाबा आहेत."

चारला पाच मिनिटं असताना बाबा आले. भरदार, गोरेपान, दारातून वाकून आत येणारे. आत्या अजूनही त्यांना बारक्या म्हणायची.

"काय बारक्या, आज लवकर?"

"ताईच्या हातचा चहा प्यायचा म्हणून. काय ओळंबाबाई, तपासणी झाली? पास की नापास?"

एरवी हिने तीन मुद्दे, दोन उपमुद्दे आणि समारोप असं उत्तर दिलं असतं. आज तिने मनात चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही जागेवर सापडेना. बाबांच्या पिशवीतून लेव्हलची पट्टी वर डोकावत होती. तिने ती काढली, आत जाऊन वरच्या कपाटाच्या बाजूला उभी टेकवून धरली आणि हाक मारली.

"बाबा, बुडबुडा कुठे आहे?"

बाबा दारात थांबले. "मध्ये," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले. "बरोब्बर मध्ये."

बुडबुडा काचेच्या पार टोकाला जाऊन बसला होता.

"बाबा, तो मध्ये नाही." तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिलाच ओळखू आला नाही. "कपाट पुढे आलंय. वर माझं अख्खं बोट जातं. तुमचं काम वाईट नाही हो, तुम्हाला दिसत नाहीये."

मघाशी टाकलेला चहा ओट्यावर उकळत होता. आत्याने गॅस बारीक केला.

बाबा पुढे आले. त्यांनी कपाटाच्या माथ्यावर हात नेला आणि फटीतून तळवा सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, सावकाश, जसं तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसं. मग दार उघडून आत बघितलं. रिकामे कप्पे.

"ताई, भांडी?"

"टेबलावर."

"तीन आठवडे?"

"मला सोयीचंच पडतं रे तिथे."

"दणकट म्हणालीस!"

"अरे, निळा रंग दणकटच आहे," आत्या म्हणाली आणि रडायला लागली. मग बाबा हसले, आणि त्यांचेही डोळे भरले, आणि ते खाली स्टुलावर मटकन बसले.

"दोन महिने झाले," ते म्हणाले. "सगळं दुधातून बघतोय असं वाटतं. वाटलं, हाताला सवय आहे, हात बघेल. भिंतीत भोक पाडताना भुकटी पांढरी आली तर गिलावा, लाल आली तर वीट, एवढं तर पोरालाही कळतं. मला सगळीच एका रंगाची दिसत होती. मी आपलं म्हटलं, लाल असेल."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं आणि त्याने सांगितलं की आता पुरे, तर? मी दुसरं काय करू गं, ताई?"

ओळंबाने बाह्या दुमडल्या. "आधी हे उतरवू या. आत्याने आज ओट्यापुढे सरळ उभं राहायला हवं."

दारं काढली, आतले स्क्रू सोडले. स्क्रू पिळावे लागलेच नाहीत, भाजलेल्या शेंगेतून दाणे यावेत तसे हातात आले. तिघांनी मिळून कपाट खाली घेतलं तेव्हा आत्याच्या तोंडून 'अगं बाई' निघालं, कारण भिंतीतली चारही भोकं विटेत नव्हतीच. ती दोन विटांमधल्या ठिसूळ सांध्यात होती.

बाबांनी ड्रिल उचललं. ती शेजारी स्टुलावर चढली आणि भोकाखाली हाताची ओंजळ धरली.

"पांढरी," ती म्हणाली. "पांढरी... अजून पांढरी... करडी! थांबा बाबा, सांधा लागला."

"किती सरकू?"

"दोन बोटं वर."

परत घरघर सुरू झाली. तिच्या केसांवर, पापण्यांवर धूळ बसत होती. "पांढरी... पांढरी... लाल! बाबा, लाल! मस्त लाल!"

"ओरडू नकोस, शेजारी येतील," आत्या म्हणाली. तीही टाचा उंचावून ओंजळीत बघत होती.

बाबांनी हात थांबवला नाही. तो हात अजूनही त्यांचाच होता. त्याने स्क्रू अंगठ्याने चाचपून बसवला, स्क्रू ड्रायव्हरला शेवटचा झटका दिला, आणि तो नेमका तिथेच थांबला जिथे थांबायला हवं. बुडबुडा ती बघत होती. "डावीकडे केसभर वर. अजून. आता श्वास घेऊ नका. बसला!"

कपाट भिंतीला चिकटलं. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, नव्वद किलोंच्या माणसाने. कपाट हूं की चूं करेना.

चहाची पार वाट लागली होती. आत्याने नवा टाकला. बाबांनी कप खाली ठेवला, मग फोन काढला, हात लांब करून त्याच्याकडे बघितलं आणि तो मुलीपुढे केला. "बालवाडीच्या बाईंचा नंबर लाव."

तिने लावला. त्यांनी कानाला लावला.

"नमस्कार, कपाटवाला बोलतोय. सोमवारी येत नाही... नाही, नाही, सोडत नाही काम. सोमवारी डोळे दाखवायला जायचंय. डॉक्टर काय म्हणतात ते बघून पुढचा दिवस कळवतो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. बाबांनी तिच्याकडे बघितलं. नीट दिसत नसेल, पण बघितलं. "हो, मदतीला आहे ना. माझी मुलगी. लेव्हल तीच बघते... भिंतीला भोक तिच्या शब्दाशिवाय पडणार नाही, लिहून घ्या... वेळ? वेळेचं म्हणाल तर," आणि त्यांचा आवाज एकदम मोठा झाला, "शाळा सुटल्यावर. त्याआधी ती मोकळी नसते."