उराउरी भेट

आनंदाबाईंनी कोंढ्याहून निघताना आपलं सगळ्यात जुनं लुगडं आठवणीनं बरोबर घेतलं होतं. लेकराला पहिलं पांघरूण आजीच्या लुगड्याचं, ही घरची रीत. धुऊन धुऊन ते असं मऊ झालेलं, की हातात घेताच ऊब लागावी. सून राखीचं बाळंतपण अडलं आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून पोरगी काढावी लागली. सिस्टरनं ती हातात देताच बाईंनी तिला लुगड्यात तीन पदरी गुंडाळलं, वरून मुलाची, मंगेशची, शाल लपेटली. पुसाचा महिना, ऐन थंडीचा. नाकाचा शेंडा तेवढा उघडा राहिला.

"आई, श्वास तं घेऊ दे तिले," मंगेश म्हणाला.

"तू चूप रे. बाप होऊन घटकाभर नाही झाला, अन् मले शिकवून राहिला!"

म्हणता म्हणता त्यांचं बोट गाठोड्यात गेलं आणि हसू मावळलं. पोरीचे तळवे गार होते. बाईंचं पहिलं लेकरू अशाच थंडीत गेलं होतं. घरात होती तेवढी लुगडी त्याच्यावर घातली होती, तरी गेलं. त्यांनी विठ्ठल विठ्ठल सुरू केलं आणि गाठोडं आणखी आवळलं.

तेवढ्यात रुपा सिस्टर आली. "आजी, राखीताईला वॉर्डात आणलंय. द्या बाळ. कपडे काढून तिच्या छातीवर ठेवायचं, उघड्या अंगाला उघडं अंग."

"उघडं? पुसात? लेकरू गार पडून राहिलं अन् तुमी उघडं कराले निघाल्या? अन् तिच्या पोटाले टाके हायेत न!"

"टाके खाली आहेत, बाळ वर छातीवर राहील. वरून पांघरूण घालूच, मी जवळच थांबते. कपडा ऊब राखतो आजी, देत नाही. ती आईच्या अंगातूनच यायची."

बाईंनी गाठोडं दिलं नाही. उराशी धरूनच त्या आत गेल्या.

राखी थरथरत होती. एका हाताला सलाईन, कमरेखाली सगळं बधिर. दुसरा हात तेवढा पुढे आला. "आई, मले दिसलीच नाही वो पोरगी. रडल्याचा आवाज आला, अन् नेली. मले भेटू द्या न."

आनंदाबाई थबकल्या. गावच्या देवळात सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं. दही-लाह्या वाटायच्या आधी सगळे एकमेकांना उराउरी भेटतात, आणि त्याआधी अंगावरची शाल, घोंगडी उतरवून बाजूला ठेवतात. थंडी कितीही असो. बुवा स्वतःची शाल आधी काढतात आणि गाता गाताच दटावतात, "देव भेटाले आला, अन् मधात चिंधी कायले?" दरसाल बाई पुढं बसून हे ऐकतात, डोळे पुसतात, शाल उतरवतात.

पण ते पहिलं लेकरूही डोळ्यांपुढून हलेना.

"पांडुरंगा, तूच पाह्य आता," म्हणत त्यांनी शाल सोडली. मग लुगड्याचा एकेक पदर.

रुपानं टोपी आणि लंगोट तेवढा ठेवून पोरीला राखीच्या उघड्या छातीवर पालथं घातलं, मान एका बाजूला केली, आणि ब्लँकेट ओढू लागली.

"थांब वो बाई. पयले हे." बाईंनी जुनं लुगडं दोघींच्या वरून पसरलं.

पोरगी किरकिरली, मग गप्प झाली. लुगड्याखाली बाईंचं बोट तिच्या तळव्याला लागलेलं. गारच. विठ्ठल विठ्ठल. अजून गारच. राखीची थरथर मात्र ओसरू लागली होती. बाईंनी ना नाम सोडलं, ना तळवा. हळूहळू तो कोमट झाला, मग चांगला ऊन. आणि पोरीनं मान हलवून ओठ चाळवले, दूध शोधू लागली.

"पाहा न आई, कशी हुंगून राहिली मले!" राखी रडता रडता हसली.

बाईंनी लुगड्याच्या टोकानंच डोळे पुसले. "मंगेश, खांबासारखा काहून उभा हायेस? जाय, दही-लाह्या पाह्य कुठं भेटते का. उराउरी भेट झाली, आता काला नको का?"

"राखीताईला आज काही द्यायचं नाही हं," रुपा घाईनं म्हणाली.

"तिच्या वाटचं मी खातो वो बाई!" आनंदाबाई म्हणाल्या.