टेकडीवरचा लाल झेंडा

बेटावर वॉलरस किनाऱ्याला लागले की आमच्या घरात सुतक सुरू व्हायचं. चूल बंद, कारण धुराच्या वासानं ते बुजतात. कुत्री टेकडीपलीकडे. लाकूड फोडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. माझा नवरा रुल्तीन अभयारण्याचा राखणदार. मी खोकले तरी डोळे वटारायचा.

"म्हाताऱ्या, त्या मिशाळांशीच लग्न करायचं होतंस," मी थंडगार चहा त्याच्यापुढे ठेवत कुजबुजायचे.

"विचारलं होतं. त्यांच्या बापानं नाही म्हटलं."

काय दिवस होते ते! आता बेट सोडून या गावात आले, चहा हवा तेव्हा गरम मिळतो आणि घशाखाली उतरत नाही.

आमची ओमरिना शिकायला लेनिनग्राडला गेली आणि तिथलीच झाली. सात वर्षांनी ती पंधरा दिवस येणार होती, आम्ही न पाहिलेल्या नातवाला घेऊन. हेलिकॉप्टर उन्हाळ्यात दोनदाच यायचं. उतरायची जागा एकच, किनाऱ्यालगत. टेकडीवर हिरवा झेंडा दिसला तर उतरायचं, लाल दिसला तर मागे फिरायचं.

नेमके ती येणार त्याच पहाटे वॉलरस आले. हजारभर तरी असतील, बहुतेक लेकुरवाळ्या.

आम्ही टेकडीवर जाऊन उभे राहिलो. दुपारी लांबून घरघर ऐकू आली. रुल्तीनच्या हातात लाल झेंडा होता, पण हात काही वर जाईना.

"एकदाच," तो म्हणाला. "एकदाच उतरू दे गं."

आणि हे तो म्हणत होता! मी खाली किनाऱ्याकडे पाहिलं. काही वर्षांपूर्वी एका विमानाच्या आवाजानं बिथरून अख्खा कळप समुद्राकडे धावला होता. चेंगरलेली पिल्लं आम्ही दोघांनीच ओढून बाजूला केली होती. त्यांच्या आया चार दिवस पाण्यातून हाका मारत होत्या. त्या हाका माझ्या कानांतून कधी गेल्याच नाहीत. मी त्याच्या हातातला झेंडा हिसकावला आणि जीव खाऊन हलवला. हेलिकॉप्टर लांबूनच वळलं.

हिवाळ्यात समुद्र गोठल्यावर बर्फावरून ओमरिनाचं पत्र आलं. "बाबा, पोटच्या पोरीपेक्षा तुला जनावरं प्यारी."

"तिला खरं काय ते कळव," मी म्हटलं.

"आईवर रुसलेली पोर कुठं जाईल? माझ्यावर रुसू दे," तो म्हणाला.

मी ऐकलं त्याचं. जन्मभर एक शब्द ऐकला नाही आणि नेमका तेवढाच ऐकला. ओमरिना पुन्हा आली नाही. तो गेला तेव्हाही नाही.

परवा तिचा फोन आला. तब्येत, औषधं, नातवाचं लग्न, सगळं बोलून झालं. मग मला राहवेना.

"ओमरिना, त्या दिवशी झेंडा मी हलवला होता."



"आणि बाबा?"

"तो म्हणत होता, एकदाच उतरू दे."