पोवळ्या अळंबीची पारख

चष्मेवाल्याला मिळवायचं होतं ते एवढंच: अळंबी मंडळाच्या भिंतीवरच्या तक्त्यातली एक रिकामी चौकट आणि तिच्याखाली, ती जात शोधून ओळखणारा म्हणून, स्वतःचं नाव. "त्या नावावर भाजीवाला काही स्वस्त देतो का?" बायकोने शिवणयंत्रावरून मान वर करून विचारलं होतं. त्याला विनोद कळला नाही.

मग जुन्या, कुणी न लावलेल्या जंगलात त्याला ती सापडली: पोवळ्यासारखी फांद्या-फांद्यांनी फुटलेली अळंबी. अडचण अशी, की तशा दिसणाऱ्या दोन असतात. एक खाण्याजोगी, दुसरी पोट ढवळून काढणारी. कोवळेपणी रंगावरून कळतात; ही जून होती, रंग उडालेला. अशा वेळी फरक दाखवणारा सूक्ष्मदर्शक होता तो मंडळाच्या अध्यक्षांकडे, पण त्यांना दाखवली की चौकटीखाली नाव त्यांचंच लागणार, याची चष्मेवाल्याला खात्री होती.

दुपारी त्याने ती लोण्यावर परतली आणि बायकोच्या नि मेव्हण्याच्या ताटात वाढली.

"भावोजी, ओळख पटलीय ना? की आमच्याकडूनच करून घेताय?" मेव्हणा म्हणाला.

"खा रे निमूट."

"आणि तुम्ही?" बायकोने विचारलं.

"माझं पित्त उठलंय."

तिने आपल्या ताटातले उकडलेले बटाटे त्याच्याकडे सारले. हे तिला नंतर फार लागलं.

संध्याकाळ व्हायच्या आत भाऊ न्हाणीघरात आणि ती बादलीवर ओणवी. डॉक्टर येऊन गेले. जिवाला धोका नाही, म्हणाले. नवरा तिची पाठ चोळत होता. किती घाबरलाय बिचारा, तिला वाटलं. मग तो बाहेरच्या खोलीत गेला आणि त्याचा फोनवरचा आवाज आला, चांगला टवटवीत.

"अध्यक्षसाहेब, विषारीच! दोघांनाही बाधली, मी ठणठणीत. अहो, म्हणून तर मी खाल्ली नाही! बाकी जेवण तिघांचं एकच. मीही खाल्ली असती, तर दोष अळंबीचा की दुसऱ्या कशाचा, ठरवणार कसं?"

आत येऊन तो पलंगाच्या कडेला बसला. "चव कडवट होती का गं? तेवढं लिहायचं राहिलंय."

"तुमचं पित्त उतरलं का?"

"कसलं पित्त?" तो बोलून गेला.

तक्त्यावर त्याचं नाव लागलं. भावाचं पोटावर निभावलं आणि तो दोन दिवसांत मोकळा झाला. तिचं मात्र कायमचं गेलं: लग्नापासून तो वाढेल ते न विचारता खायची, ते. आता ताट समोर आलं की ती हात मांडीवर ठेवून थांबते. पहिला घास त्याचा.