बाबांची एकच ओळ

साधू घरी आला त्या दिवसापासून ताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. साधू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ऐन विशीत तो ख्रिस्ती मठात निघून गेला आणि बाबा, बाबांचं सोफे शिवायचं दुकान, घरातली सगळी उस्तवार ताईच्या गळ्यात पडली. दुकान म्हणजे तरी काय, घराच्याच पुढच्या दोन खोल्या. फोमचे तुकडे, रेक्झिनची भेंडोळी आणि पिना मारायच्या बंदुकीला हवा पुरवणारा एक आडदांड कॉम्प्रेसर. बाबांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, तेव्हा मठातून निरोप आला होता की साधू प्रार्थना करतोय. करू दे की, ताई म्हणाली होती, इथे चादरी मी धुतेच आहे.

आता तो परवानगी काढून आला होता. लोकरीच्या दोरीच्या गाठी एकेक करून बोटांतून सरकवत तो बाबांच्या उशाशी बसायचा. श्वास आत घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. तेच ते, सकाळ नाही, दुपार नाही. मन स्थिर होतं म्हणे. ताईचं मात्र पित्त खवळायचं.

आणि एके दिवशी बाबा बोलले. स्पष्ट, अख्खं वाक्य: “प्रभू येशू, माझ्यावर दया कर.” साधू ढसाढसा रडला. शेजारपाजार लोटला. कित्येक महिने ‘पाणी’ हा एवढासा शब्द बाबांच्या ओठांवर यावा म्हणून ताईने जिवाचं रान केलं होतं, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. भाऊ मात्र आयत्या पिठावर रेघोट्या ओढून संत झाला होता.

पुढे कळलं की बाबांना ती ओळ सोडून दुसरं काही येतच नाही. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, घोटून घोटून बसलेलं वाक्य असं आपोआप बाहेर पडतं, पण माणसाला दर वेळी तेच म्हणायचं असतं असं नाही. ताईने आठवड्याभरात बाबांची बोली ओळखली. तहान लागली की ‘येशू’वर आवाज चिरकायचा. लघवीची घाई असली की सगळी ओळ एका दमात यायची. आमटीत मीठ कमी पडलं तर ‘दया कर’ असं दरडावून यायचं की प्रभूने सुद्धा मिठाचं भांडं हुडकावं. तिने हे साधूला परोपरीने समजावलं. तो नुसता हसला. बाबांचा आत्मा जागा झालाय, आता त्यांना मठात नेऊन सगळ्यांसोबत प्रार्थनेला बसवायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. रविवारी गाडी येणार होती.

“तिथे त्यांना पाणी कोण देईल?” ताईने विचारलं.

“तुला प्रार्थनेतही पाणीच दिसतं, ताई.”

त्या वाक्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांसाठी मुलगी जन्मभर खस्ता खात होती, आणि त्यांना न्यायचा हक्क याचा.

शनिवारी सकाळी साधूने प्रार्थनेची मंडळी बोलावली. बाबांचे पाय गार पडलेत म्हणून गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली, वर घोंगडी घातली आणि सगळे डोळे मिटून बसले. पिशवीला फडकं गुंडाळायचं असतं, हे कुठल्या मठात शिकवणार? उजवा पाय हलत नव्हता, पण चटका कळायला काहीच अडत नव्हतं.

बाबांनी ओळ म्हटली. मंडळींनी एका सुरात म्हटली. बाबांनी आवाज चढवला, मंडळींनाही जोर चढला. बाबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या तेव्हा कुणीतरी हुंदका दिला आणि स्तुती केली. दुकानात ताई एका खुर्चीची पाठ ताणून बसवत होती. तिने दातओठ खाऊन कॉम्प्रेसर सुरू केला. त्याच्या धडधडाटात आतलं सगळं बुडालं.

टाकी भरली आणि कॉम्प्रेसर आपोआप थांबला. आतून बाबांचा आवाज आला तो आता ओळीसारखा राहिलाच नव्हता. ताई बंदूक टाकून धावली, मंडळींना ढकलत पुढे गेली आणि घोंगडी ओढली. पावलाची कातडी सोलवटून लोंबत होती.

मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. आंधळे आहात का, बहिरे आहात का, माणूस भाजतोय आणि तुम्ही गाताय, चालते व्हा माझ्या घरातून. मंडळी एकमेकांच्या चपला घालून पळाली. साधूने परातीत गार पाणी आणलं आणि बाबांचं पाऊल दोन्ही हातांत धरून बसला. त्याचे ओठ हलत नव्हते. डॉक्टर येऊन मलमपट्टी करून गेले, बाबांना झोप लागली, तरी तो तसाच फरशीवर होता.

“मी त्यांना नेत नाही,” तो शेवटी म्हणाला. “माझ्यासमोर ते ओरडत होते आणि मला प्रार्थना ऐकू आली. तू असतीस तर पहिल्याच हाकेला कळलं असतं.”

ताईला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बाबा तिच्याकडे राहणार होते आणि भावाने स्वतःच्या तोंडाने हार मानली होती. गप्प बसली असती तर या जन्मात कुणाला काही कळलं नसतं. तिला साधूचा राग आला, त्या मंडळींचा आला, अशी एकच ओळ देणाऱ्या देवाचाही आला, आणि एकाही रागाने आज तिला आसरा दिला नाही.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच हाकेला कळलं होतं. तुला तुझ्या प्रार्थनेची फळं मिळू देत म्हणून मी मशीन लावलं.”