घोट्याचं आणि मनगटाचं

माळवदावर मिरच्या वाळत घालताना पाय घसरला आणि जगदेवी खाली अंगणात आपटली. मणका मोडला, कमरेखालचं अंग कायमचं गेलं. अक्कलकोटकडच्या सासरहून थोरला भाऊ बसवराज, तिचा अण्णा, तिला सोलापूरला घेऊन आला. दवाखाना झाला, आणि मग त्यानं तिला भवानी पेठेत आपल्याच घरी ठेवून घेतलं. नवरा गुरुलिंग पुन्हा फिरकला नाही.

"त्यानं तुला टाकली, तंगी. पण मी हाय की," अण्णा म्हणायचा. धाकटी बहीण म्हणून तो तिला कानडीत तंगी म्हणे. जगदेवीला तो देवच वाटायचा.

या देवाचे उपकार फेडायला ती कामाला लागली. दोन्ही हातांवर अंग उचलत गोणपाटावरून घरभर सरकायची. सकाळी रहाटाशी बसली की दिवस मावळेपर्यंत अण्णाच्या हातमागांना लागणाऱ्या कांड्या सुतानं भरायची. खांदे ठणकायचे, तळहातांना घट्टे पडले होते.

शहात्तर साली, अण्णा सूत आणायला बाजारात गेला असताना, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. मणक्याला मार बसलेली माणसं घरी गेल्यावर किती हलतात-फिरतात, हे त्या मोजत होत्या. घड्याळासारखी दोन यंत्रं त्यांनी आणली होती. एक त्यांनी जगदेवीच्या मनगटाला बांधलं, दुसरं घोट्याला.

"याला किल्ली नाही. अंग हललं तरच काटा पुढं जातो. आठवडाभर काढू नका."

आठवड्यानं त्या परत आल्या. घोट्याचा काटा जेमतेम सरकला होता. मनगटाचं यंत्र मात्र त्या कितीतरी वेळ निरखत राहिल्या.

"हे दुसऱ्या कुणी घातलं होतं का?"

"न्हाय की. दिसभर रहाट फिरवती न्हवं मी."

"पण तुम्हाला बसताही येत नाही, घास भरवावा लागतो, असं तुमचा भाऊ म्हणाला होता. गेल्या वर्षी तुमचे मालक दवाखान्यात आले होते, तुम्हाला घरी न्यायचं म्हणून. तेव्हा माझ्यासमोरच त्यानं त्यांना सांगितलं. तुम्हाला त्यांचं तोंड बघायचं नाही, असंही."

जगदेवीनं मान वळवली. चुलीपाशी वैनी खाली मान घालून भाकरी थापत राहिली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

अण्णा आल्यावर जगदेवीनं सरळ विचारलं, "त्ये मला न्यायला आलते व्हय?"

तो चपला काढता काढता थांबला. "तितं कोण बघितलं असतं तुला? हितं काय कमी केलं मी?"

"कांड्या कोण भरणार, म्हणून ठिवलास मला. व्हय का न्हाय?"

अण्णा चपला कोपऱ्यात सारून मागाकडं वळला. रागावला असता, खोटं बोलला असता, तरी तिला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सासरी निरोप धाडला. उत्तर आलं : गुरुलिंगनं पाडव्यालाच दुसरा संसार मांडला होता. जगदेवी भिंतीकडं तोंड करून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हातांवर अंग उचलत उंबरा ओलांडून गल्लीत आली, आणि समोरच्या तेलुगू साळ्यांच्या ओसरीवर चढली. घरची बाई लक्ष्मव्वा धावत बाहेर आली.

"तुमच्याकडं रहाट हाय न्हवं? मला कामाला ठिवा. ऱ्हायला कोपरा द्या."

संध्याकाळी ती लक्ष्मव्वाच्या रहाटाशी बसली असताना अण्णा बोलवायला आला. माग बंद पडलेत, म्हणाला. ती कशी आहे, हे त्यानं विचारलंच नाही.

"वैनीला बसव रहाटावर," जगदेवी म्हणाली, आणि तिनं त्याच्याकडं पाठ फिरवली.