लाथ न मारणारी बंदूक

मांडीला अठरा टाके घालून ऊसतोडीवरची गंगम्मा दवाखान्यातून आपल्या घरी आली, त्या दिवसापासून अश्वजित सोनकांबळेला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायचा, अंगणात दोन फेऱ्या मारून पुन्हा ताटावर यायचा. त्याची बायको महामायानं दोन-चार दिवस बघितलं. मग म्हणाली, "पायाला भिंगरी बांधली का काय?"

देगलूरजवळच्या त्यांच्या गावात परवान्याची बंदूक एकट्या अश्वजितकडं होती. सतरा वर्षं फौजेत काढून आल्यावर पिकाच्या राखणीसाठी त्यानं लायसन काढलं होतं. रानडुकरांचा उच्छाद वाढला की शेतकरी वनखात्याची परवानगी आणायचे आणि फौजीला बोलवायचे.

त्या माघात किशनराव पाटलाच्या उसाची तोड संपत आली होती. शेवटच्या पट्ट्यात अडकलेलं डुक्कर अचानक बाहेर फुटलं. अश्वजितनं आपली दोन नळ्यांची बंदूक, दुनळी, खांद्याला लावली, चाप ओढला. छर्रे डुकराच्या मागच्या पायाला लागले. पिसाळलेलं जनावर गर्रकन वळलं आणि पाचट गोळा करणाऱ्या गंगम्मावर गेलं. दुसऱ्या बाराला ते पडलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"ऐन वख्ताला जनावर वळलं," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. पंचनाम्यातही तेच आलं.

मनातल्या मनात मात्र त्यानं दोष बंदुकीवर टाकला होता. दुनळी जुनी, वजनाला हलकी, दस्त्याच्या मागं नुसती लोखंडी पट्टी. दर बाराला खांद्यावर लाथ बसायची. दोन वर्षांपासून उजवा हात डोक्याच्या वर जात नव्हता. आता त्याला धक्का कमी देणारी सेमी-ऑटो हवी होती. दिवसभर तो मोबाईलवर त्याच बंदुका बघत बसायचा.

"सकाळी वंदनेत पाणातिपाता म्हणायचं, जीव घेणार न्हाई म्हणायचं," महामाया म्हणाली, "आन् उठून हे बघायचं."

"डुकरांना पंचशील कोण सांगंल?"

"मी डुकरांचं न्हाई बोलून राहिले."

तो उठून बाहेर गेला.

चैत्रात तो नांदेडला मडिवाळप्पांच्या दुकानात गेला. म्हातारे मडिवाळप्पा चाळीस वर्षं बंदुका विकत आणि दुरुस्त करत आले होते. त्यांनी आधी त्याला शर्ट बाजूला करायला लावून खांदा बघितला, मग दुनळी हातात घेतली.

"सेमी-ऑटो तुमच्या लायसनवर अशी चढत न्हाई," ते म्हणाले. "येगळी परवानगी लागते. अर्ज करा, मिळंलच असं मी सांगणार न्हाई. आन् घ्यायच्या आधी एकदा चालवून बघा. काउंटरवर सगळ्याच बंदुका गोड लागतात." त्यांनी एका कागदावर नंबर लिहून दिला. लातूरजवळच्या एका क्लबच्या रेंजवर त्यांची नात तनुजा नेमबाजी शिकवायची.

पुढच्या रविवारी अश्वजित लातूरला पोचला. तनुजा पंचविशीची, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी. खेळाडू म्हणून परवानगी मिळालेली तिची सेमी-ऑटो तिनं त्याच्या हातात दिली.

"जड हाय की," तो म्हणाला.

"जड आहे म्हणूनच लाथ कमी, काका. आणि बार उडाला की आत जो गॅस होतो, त्यातला थोडा ही रिकामं काडतूस फेकायला अन् दुसरं चढवायला वापरते. मग धक्का एकदम बसत नाही, दाबल्यासारखा येतो. शिवाय मागं हे जाड रबर. चालवून बघा."

पहिला बार त्यानं दात आवळून टाकला. खांद्यावर कुणीतरी तळहात ठेवून मागं सारावं, तेवढंच झालं. दुसरा, तिसरा. तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"हीच पाहिजे. ठरलं."

"थांबा. अजून एक." तनुजानं पाठमोरी होऊन काडतूस भरलं आणि बंदूक पुन्हा त्याच्या हाती दिली.

त्यानं नेम धरला, चाप ओढला. नुसता टक असा आवाज आला. काडतूस खोटं होतं. आणि बार उडालाच नव्हता तरी नळी वीतभर खाली गेली होती, खांदा पुढं झुकला होता, आणि त्याचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

तनुजानं बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली. मग हळूच म्हणाली, "काका, धक्का बसायच्या आधीच तुम्ही खाताय. चांगल्या बंदुकीनं खांदा वाचेल. डोळे उघडे ठेवायला मात्र तुम्हालाच शिकावं लागेल."

परतीच्या एसटीत त्याला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. डोळे कधीपासून मिटत असतील, कोण जाणे. त्या दिवशी मिटले होते, हे मात्र त्याला आता पक्कं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गंगम्माकडं गेला. अपघातानंतर तिच्या दारात तो एकदाही उभा राहिला नव्हता. ती ओट्यावर पाय लांब करून लसूण सोलत होती.

"गंगम्मा, जनावर आपसूक वळलं न्हाई," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "माझे डोळे मिटले. नेम खाली गेला."

"मालूम हाय अण्णा," ती म्हणाली. "मी समोरच होते की. तुझ्याच तोंडाकडं बघून राहिले होते."

"मग बोलली का न्हाईस?"

"मी बोलून काय व्हतंय? तू कधी येतूस ते बघत होते." तिनं सोललेल्या पाकळ्या बाजूला सारल्या. "आता आलास तर बस. आन् ऐक. जमत न्हाई तर न्हाई म्हन. पुढच्या साली त्याच उसात आमी बायका असनार."

त्यानं सेमी-ऑटोसाठी अर्ज केला. पण त्यावर विसंबून राहिला नाही. मडिवाळप्पांकडून जुन्या दुनळीला जाड रबर बसवून घेतलं, आणि दर दुसऱ्या रविवारी लातूरला जाऊ लागला. तनुजा खरी-खोटी काडतुसं मिसळून भरायची. पंचविसांत अठरा वेळा डोळे मिटायचे, मग दहा वेळा, मग चार. दिवाळीनंतर एका रविवारी एकदाही मिटले नाहीत. तरी घरी आल्यावर अंगणातल्या फेऱ्या काही थांबल्या नाहीत.

अर्जाचं उत्तर यायच्या आधीच पौषात किशनरावांचा ऊस तोडीला आला. वनखात्याचा कागद हातात घेऊन ते स्वतः दारात आले.

"फौजी, उद्या शेवटचा पट्टा हाय."

"बायका आधी बांधापल्याड काढा. मग येतो."

"तोड थांबंल की!"

"थांबू द्या. न्हाईतर दुसरं कोणी बघा."

किशनराव कुरकुरले, पण दुसरं कोण होतं? सकाळी दहाच्या सुमाराला गंगम्मासकट सगळ्या बायका बांधापलीकडं जाऊन बसल्या. अश्वजितच्या बाजूनं गडी शेवटच्या सऱ्या तोडत असताना उसात सळसळ झाली आणि डुक्कर बाहेर आलं. अश्वजितनं दुनळी खांद्याला लावली.

या वेळी त्यानं सगळं बघितलं. ओलं नाक, कानातला चिखल, त्याच्याकडं वळलेला डोळा. बार झाला. जनावराचे पुढचे पाय आधी दुमडले, मग मान खाली आली, आणि मागचे पाय कितीतरी वेळ माती उकरत राहिले. इतक्या वर्षांत त्यानं हे कधी पाहिलंच नव्हतं.

"एकाच बारात!" किशनराव धावत आले. "आता नवी बंदूक आली म्हंजे तर बघायलाच नको."

अश्वजितनं नळी उघडून रिकामं काडतूस काढलं. नजर अजून त्या उकरलेल्या मातीवरच होती. खांदा फारसा दुखत नव्हता.

"अर्ज केलाय," तो म्हणाला. "घ्यावी का न्हाई, ते अजून ठरंना."