जिनिंगच्या फाटकावरची चकमक

मित्रांनो, मी एक जुनी चकमक आहे. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि पितळेच्या नळीत कापसाची वात, एवढाच माझा संसार. घाटंजीच्या एका लोहारानं मला घडवलं. भर वाऱ्यात आगकाडी विझते, पण मी एका ठिणगीत वात पेटवून देते. गर्व आहे मला त्याचा, लपवून काय करू?

माझा धनी उकंडा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होता. दिवसाला दोन कट्टे विड्या ओढायचा आणि प्रत्येक विडीला मीच लागायची. बायको तुळसाबाईच्या हाकेला ओ द्यायला त्याला उशीर व्हायचा, माझ्याकडे मात्र हात लगेच यायचा. मला ते फार आवडायचं.

कापसाला भाव नव्हता, अशी ती सालं. जिनिंगवर गाड्या कमी झाल्या, काम आटलं. जो हमाल धापा टाकी त्याला मुकादम घरी बसवी. उकंडा तर दुसऱ्याच गाठोड्याला भिंत धरून उभा राहायचा.

कापसाला आग लागू नये म्हणून फाटकावरच पहारेकरी घनश्याम सगळ्यांच्या विड्या-आगपेट्या टोपलीत काढून घेई आणि संध्याकाळी परत देई. तिथंच एक दिवस सरकारी दवाखान्यातली नर्स रुपाली येऊन उभी राहिली. ही माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत, पण टोपलीपाशी प्रत्येकाला थांबावंच लागतं, हे तिनं हेरलं होतं. बाई हुशार. म्हणूनच मला ती डोळ्यांत खुपू लागली.

"उकंडाभाऊ, आज किती ओढल्या?" ती रोज विचारी.

"मोजते कोन वं बाई? अन् मी दवाखान्यात येनार नाही. डागदराकडं गेलं का मानूस बिमार निघते."

"नका येऊ. मीच येऊन राह्यली ना इथं. तलफ आली का लवंग तोंडात टाका, पानी प्या, दहा मिनिटं थांबा."

लवंग! काल आलेली एवढीशी लवंग त्याच्या वरच्या खिशात, आणि मी टोपलीत. आठवड्याभरात त्यानं विडी सोडली. अकरा दिवस त्यानं मला हात लावला नाही, संध्याकाळीही मला टोपलीतच सोडून जाई. माझा नुसता जळफळाट झाला. मोडावं त्याचं व्रत, असंच मला वाटे, खोटं कशाला बोलू?

बाराव्या दिवशी मुकादमानं त्याला चारचौघांत "म्हातारा बैल" म्हटलं. संध्याकाळी उकंडानं टोपलीतून मला उचललं आणि फाटकाबाहेर जाऊन विडी पेटवली. मी जिंकले होते. दुसऱ्या झुरक्याला त्याला अशी उबळ आली की तो मातीत बसला.

रुपाली जवळ आली. आता ही तोडून बोलेल, हा चिडेल आणि कायमचा माझा होईल, अशी मी वाट पाहत होते. पण ती त्याच्याशेजारी मातीतच बसली.

"काही बिघडलं नाही भाऊ. अकरा दिवस तुमचेच हायत. उद्यापासून पुन्हा मोजू."

उकंडानं विडी मातीत चिरडली. म्हणाला, "बाई, माहा बाप असाच खोकत गेला. हे चकमक त्याचीच हाय."

मी ते विसरले होते. म्हणजे, विसरून राहिले होते.

त्यानं मला परत टोपलीत ठेवलं आणि पुन्हा विडीसाठी उचललं नाही. पुढच्या हंगामात पूनमसिंग नावाचा गाडीवान टोपलीत डोकावला. "भारी चकमक हाय. कोनाची? मले द्या." नवा खिसा मिळणार म्हणून मी हरखले. तेवढ्यात उकंडानं माझ्यावर हात ठेवला. इतक्या महिन्यांनी तो हात आला, मित्रांनो.

"नाही देत," तो म्हणाला. "हिनं आमच्या घरचा एक मानूस खाल्ला. तू त्या नर्सबाईशी बोल."

मग गाठोडं पाठीवर घेऊन तो निघाला आणि भिंत न धरता थेट आत गेला.

जुन्या वस्तूंना जपा, असं आम्ही जुन्या वस्तू नेहमी विनवतो. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरी कुणाच्या खिशात माझी बहीण असेल, तर त्या माणसाला जपा. तो चुकला तर रागावू नका, शेजारी बसा. आम्हाला हेवा वाटेल, वाटू द्या.